पानं कुरकुरीत, ड्रेसिंग घरचं

आमच्या लेट्यूसच्या पाकिटाबद्दल एक तक्रार नेहमी येते: पाकीट फोडलं तेव्हा पानं छान होती, ताटात येईपर्यंत मलूल झाली. कधी चूक आमची असते, पाकीट उन्हात राहिलेलं असतं. बहुतेक वेळा मात्र कारण ड्रेसिंगमध्ये, म्हणजे सॅलडवर घालायच्या तेल-आंबटाच्या मिश्रणात सापडतं. म्हणून हा कागद.

आधी एक गंमत करून बघा. एका पानावर व्हिनेगरचा थेंब टाका, दुसऱ्यावर तेलाचा. पानावर मेणासारखा पातळ थर असतो, त्यामुळे व्हिनेगरचा थेंब मोत्यासारखा गोल बसून राहतो. तेल पसरतं, आत मुरतं आणि थोड्या वेळाने तिथे गडद, ओलसर डाग दिसू लागतो. पान मऊ पाडण्यात तेलाचाच हात मोठा. बोल मात्र लागतो बिचाऱ्या आंबटाला!

चार जणांच्या सॅलडला २०० ग्रॅम पानं पुरतात. झाकणाच्या बरणीत १ मोठा चमचा (१५ मिली) लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घ्या आणि त्यात पाव छोटा चमचा मीठ आधी विरघळवा. मीठ तेलात विरघळत नाही. शेवटी घातलं तर तळाशी बसतं आणि एखादाच घास खारट लागतो. मग अर्धा छोटा चमचा मोहरीची पेस्ट, चिमूटभर मिरपूड आणि ३ मोठे चमचे तेल. झाकण घट्ट लावून अर्धा मिनिट जोरात हलवा. मोहरीमुळे तेलाचे बारीक थेंब लगेच एकत्र येत नाहीत, म्हणून ड्रेसिंग दाटसर, फिकट दिसतं. थोड्या वेळाने ते पुन्हा वेगळं होईल. वाढताना परत हलवा.

तेल आणि आंबट यांचं तीनास एक हे रुळलेलं प्रमाण. आम्हाला स्वतःला दोनास एक आवडतं. चव बघताना पानाचा तुकडा बुडवून बघा, नुसतं चाटलं तर आंबटच वाटणार.

धुतलेली पानं सुती कापडात अगदी कोरडी करा, ओल्या पानावरून ड्रेसिंग घसरून तळाशी जातं. काकडी-टोमॅटोला मिठाने पाणी सुटतं, म्हणून तेही शेवटीच मिसळा. सगळे जेवायला बसले की मगच ड्रेसिंग, तेही आधी निम्मं.

उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा. ऑलिव्ह तेल गोठलेलं दिसेल. ते बिघडलेलं नाही, थोडा वेळ बाहेर काढून ठेवा. लसूण घातली असेल तर मात्र बरणी बाहेर अजिबात ठेवू नका. तेलात बुडालेल्या लसणीत हवेशिवाय वाढणारे विषारी जंतू वाढू शकतात. फ्रिजमध्येच ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा.

पाकीट फोडतानाच पानं मलूल असतील तर फोटो पाठवा, बदलून देऊ. ड्रेसिंग घातल्यानंतरचा फोटो चालणार नाही.