विद्यार्थी टिकाव आणि पदवीपूर्तीचे प्रमाण

विद्यार्थी टिकाव आणि पदवीपूर्तीचे प्रमाण : विद्यापीठात प्रथम वर्षाला आलेल्यांपैकी किती विद्यार्थी दुसऱ्या वर्षी परत आले आणि किती जण ठरावीक मुदतीत पदवी घेऊन बाहेर पडले, हे सांगणारे दोन आकडे. गळतीचा हिशेब सगळीकडेच कमीअधिक ठेवला जातो. पण तो कायद्याने बांधून, संस्थानिहाय जाहीर करण्याची पद्धत अमेरिकेत रुजली. तेथील १९९० च्या कायद्याने सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्या विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या प्रत्येक संस्थेवर पदवीपूर्तीचे प्रमाण उघड करण्याचे बंधन घातले.

मोजणी अशी होते : एखाद्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांची एक तुकडी धरायची. पुढच्या वर्षी त्यांतले जितके हजर, तितका टिकाव. पदवीसाठी नेमलेल्या मुदतीच्या दीडपट, म्हणजे चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला सहा वर्षे वाट पाहायची आणि पदवी मिळालेल्यांची टक्केवारी काढायची. देशभरात २०१४ साली दाखल झालेल्या तुकडीतील सुमारे ६४ टक्के विद्यार्थी सहा वर्षांत पदवीधर झाले.

या व्याख्येला मोठी भोके आहेत. अर्धवेळ शिकणारे तिच्यात नाहीतच. एका विद्यापीठातून दुसऱ्यात गेलेला विद्यार्थी पहिल्याच्या खात्यावर पदवी न मिळालेला म्हणून राहतो आणि दुसऱ्याच्या खात्यावर येतच नाही. बराक ओबामा १९८१ मध्ये ऑक्सिडेंटल कॉलेज सोडून कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून पदवीधर झाले. या हिशेबाने ते ऑक्सिडेंटलचे अपयश ठरतात आणि कोलंबियाचे यशही ठरत नाहीत. २०१५-१६ पासून अर्धवेळ आणि बदली होऊन आलेल्यांना धरून आठ वर्षांपर्यंत मागोवा घेणारी वेगळी मोजणी सुरू झाली. पण बोलण्यात, बातमीत आणि क्रमवारीत जुना सहा वर्षांचाच आकडा चालतो.

आणखी एक अडचण व्याख्येपलीकडची आहे. हार्वर्डचे प्रमाण ९७ टक्क्यांच्या आसपास असते, यात नवल नाही : गुणवान, बहुतांशी सुस्थित मुले निवडून घेतली की ती पदवी घेतातच. म्हणून हा आकडा पुष्कळदा शिकवण्याबद्दल कमी आणि प्रवेशाबद्दल जास्त सांगतो. प्रवेशाची चाळणी न बदलता आकडा वर गेला, अशी उदाहरणे थोडी आहेत. त्यांतले सर्वांत अभ्यासले गेलेले उदाहरण अटलांटा शहरातील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचे.

जॉर्जिया स्टेटचा उगम १९१३ मधील एका संध्याकाळच्या वाणिज्य शाळेत आहे. नोकरी करून शिकणाऱ्या शहरी लोकांची ती संस्था. पण फक्त गोऱ्यांची. कृष्णवर्णीय महिलांनी केलेल्या दाव्यात १९५९ मध्ये न्यायालयाने तिचे भेदभावाचे प्रवेशनियम घटनाबाह्य ठरवले, तरी पहिला कृष्णवर्णीय प्रवेश व्हायला १९६२ उजाडले. पुढे हेच विद्यापीठ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना देशात सर्वाधिक पदव्या देणाऱ्या संस्थांमध्ये गणले जाऊ लागले. २००३ मध्ये त्याचे पदवीपूर्तीचे प्रमाण अवघे ३२ टक्के होते. २०१४ पर्यंत ते ५४ टक्क्यांवर गेले. याच काळात केंद्रीय पेल अनुदान घेणाऱ्या, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांतील विद्यार्थ्यांचा वाटा साधारण एकतृतीयांशावरून निम्म्याच्या पुढे गेला होता. शिवाय गोरे, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, विद्यार्थ्यांच्या प्रमाणांतील दरी बुजली. ५४ हा आकडा एकटा पाहिला तर मध्यमच आहे. तो महत्त्वाचा ठरतो तो या दोन गोष्टींमुळे.

हे कसे झाले, याचे उत्तर बरेचसे कारकुनी आहे. गळतीच्या अभ्यासात अमेरिकी अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये मांडलेला विचार दीर्घकाळ प्रभावी होता : विद्यार्थी संस्थेच्या बौद्धिक आणि सामाजिक जीवनात मिसळला नाही की तो निघून जातो. जॉर्जिया स्टेटमध्ये तेथील प्रशासक टिमोथी रेनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न संस्थेकडे वळवला. विद्यार्थी नेमक्या कोणत्या खिडकीपाशी अडतो, हे त्यांनी शोधायला घेतले. एक खिडकी फीची निघाली. दर सेमिस्टरला हजाराच्या वर विद्यार्थ्यांची नावे फीची बाकी राहिल्यामुळे वर्गांच्या यादीतून उडत होती, आणि त्यांतल्या काहींची बाकी तीनशे डॉलरांहूनही कमी होती. शेवटच्या वर्षाला येऊन, चांगले गुण असून, एवढ्याशा रकमेपायी घरी जाणारी ही मुले. २०११ पासून विद्यापीठाने ‘पँथर रिटेन्शन ग्रँट’ देणे सुरू केले. त्याची रक्कम सरासरी नऊशे डॉलरांच्या आसपास असते. खरी मेख अशी, की त्यासाठी अर्ज नाही. कार्यालय स्वतःच खाती तपासते, पात्र विद्यार्थ्याच्या खात्यात रक्कम भरते आणि मग त्याला कळवते. फीमाफीच्या अर्जाला दाखल्यांची चळत जोडण्याची सवय असलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचून जरा थबकायला होते.

दुसरा भाग आकडेमोडीचा. जुन्या विद्यार्थ्यांचे सुमारे दहा वर्षांचे, पंचवीस लाखांच्या घरातील श्रेणीगुण चाळून कोणती चूक पुढे पदवीवर बेतते, याचे आठशेहून अधिक इशारे काढले गेले आणि २०१२ पासून त्यांवर आधारलेली सल्लापद्धत सुरू झाली. राज्यशास्त्राच्या पहिल्याच पेपरात ‘सी’ श्रेणी मिळालेले विद्यार्थी पासच असत, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नसे; पण त्यांच्यातील जेमतेम चतुर्थांश पुढे पदवीपर्यंत पोहोचत होते. चुकीच्या विषयाला नाव नोंदवले, गुण घसरले, की इशारा वाजतो आणि सल्लागार विद्यार्थ्याला बोलावतो. यंत्रणेचे कौतुक पुष्कळ झाले, पण इशारा ऐकायला माणूस लागतो. विद्यापीठाने त्यासाठी चाळीसहून अधिक नवे सल्लागार नेमले आणि एका सल्लागारामागे सातशेच्या आसपास असलेले विद्यार्थी तीनशेवर आणले. अनुकरण करणाऱ्या काही संस्था सॉफ्टवेअर घेतात आणि हा खर्च टाळतात.

प्रवेश निश्चित करूनही पहिल्या दिवशी न येणाऱ्यांसाठी २०१६ मध्ये ‘पाऊन्स’ नावाचा संदेशबॉट आणला गेला. फॉर्म, लसीकरण, कर्ज यांविषयीचे प्रश्न मुले त्याला रात्रीबेरात्री विचारू लागली आणि उन्हाळ्यातील ही गळती सुमारे पाचव्या भागाने घटली.

हा सगळा उपद्व्याप निव्वळ कळवळ्यापोटी नव्हता. २००८ नंतर राज्याचे अनुदान घटले होते आणि टिकलेला विद्यार्थी म्हणजे मिळत राहणारी फी. टिकाव एका टक्क्याने वाढला तर वर्षाला तीस लाख डॉलरांच्या आसपास उत्पन्न वाढते, असा विद्यापीठाचा हिशेब होता.

आकडा वाढवण्याची उलटी वाटही आहे. मेरिलँडमधील माउंट सेंट मेरीज विद्यापीठाचे अध्यक्ष सायमन न्यूमन यांनी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रश्नावली देऊन, कच्ची वाटणारी वीस-पंचवीस मुले सरकारी मोजणीच्या तारखेआधीच घरी पाठवण्याचा बेत केला होता. तुकडीतच न मोजलेली मुले गळती ठरत नाहीत! विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्राने जानेवारी २०१६ मध्ये हे उघड केले, गदारोळ झाला आणि फेब्रुवारीअखेर न्यूमन यांनी राजीनामा दिला. मोजणीच्या तारखेला एवढे महत्त्व आले की असे विचार सुचणारच.

जॉर्जिया स्टेटच्या पद्धतीवरही आक्षेप आहेत. जुन्या गुणांवरून भाकीत करणारी यंत्रणा गरीब मुलांना अवघड विषयांपासून ‘सोप्या’ विषयांकडे वळवील, ही भीती त्यांतली मुख्य. पद्धतीची पुढची कसोटीही आली : जानेवारी २०१६ मध्ये जॉर्जिया पेरिमीटर कॉलेज या दोन वर्षांच्या पदव्या देणाऱ्या महाविद्यालयाचे जॉर्जिया स्टेटमध्ये विलीनीकरण झाले. तेथील पदवीपूर्तीचे प्रमाण तेव्हा एक आकडी होते.

भारतात याच्या जवळ जाणारा मापदंड उच्चशिक्षण संस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्ये सापडतो. नेमलेल्या किमान मुदतीत उत्तीर्ण झालेल्यांची टक्केवारी तेथे गुणांना धरली जाते. एटीकेटीवर पुढे सरकत चौथ्या-पाचव्या वर्षी बी.कॉम. पुरे करणारा विद्यार्थी तिच्यात बसत नाही; अमेरिकी हिशेबात तीन वर्षांच्या दीडपट, म्हणजे साडेचार वर्षांच्या आत पदवी घेतली असती, तर तो पदवीधर म्हणून मोजला गेला असता. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिल्याने गळती कोणाला म्हणायचे, हाच प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्रातून एम.एस.साठी जाणारे विद्यार्थी आणि पालक अमेरिकी क्रमवाऱ्यांमध्ये हे आकडे पाहतात, तेव्हा एक गोष्ट सुटून जाते : ते फक्त पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांचे असतात, पदव्युत्तर वर्गांचे नव्हे.