अंदमान सहलीचे नियोजन

अंदमान सहलीचे नियोजन : अंदमान द्वीपसमूहात फिरण्यासाठी ऋतू, विमान, बेटांमधील बोटी, मुक्काम आणि परवाने यांची आगाऊ घालावी लागणारी सांगड. मुख्य भूमीवरच्या सहलीत आधी हॉटेल ठरते आणि गाडी नंतर मिळते. अंदमानात क्रम उलटा असतो. आधी बोट, मग खोली. हा क्रम चुकला की पुढचे सगळे दिवस एकमेकांवर कोसळतात.

बंगालचा उपसागर आणि अंदमान समुद्र यांच्यामध्ये दक्षिणोत्तर पसरलेल्या अंदमान व निकोबार या केंद्रशासित प्रदेशाचे क्षेत्रफळ ८,२४९ चौ. किमी. आहे. लहानमोठी बेटे आणि खडक मिळून संख्या आठशेच्या वर जाते. कायम वस्ती मात्र तीसएक बेटांवरच आहे. पर्यटक जातात ती बेटे त्याहूनही थोडी. अंदमान आणि निकोबार यांच्यामधल्या दहा अंश खाडीच्या दक्षिणेकडील निकोबार बेटे सर्वसामान्य पर्यटकांसाठी खुली नाहीत, तेथे आदिवासी क्षेत्राचा वेगळा पास लागतो. अंदमानातील खुल्या बेटांसाठी भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही, पण सरकारी ओळखपत्र प्रत्येक बोटीवर दाखवावे लागते. ते सामानाच्या तळाशी न ठेवता खिशात असावे. परदेशी नागरिकांचे नियम वेगळे आहेत.

नावांचा घोळ : २०१८ मध्ये हॅवलॉकचे स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि रॉसचे नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप असे नामांतर झाले. २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचे श्री विजयपुरम झाले. तिकिटावर नवे नाव असते, रिक्षावाला आणि जेटीवरचा हमाल जुने नाव घेतो. म्हणून दोन्ही ठाऊक हवीत. रॉस नावाची बेटे दोन आहेत हेही लक्षात ठेवावे. एक पोर्ट ब्लेअरसमोर, ब्रिटिशांच्या जुन्या राजधानीचे. दुसरे शेकडो किलोमीटर उत्तरेला दिगलीपूरजवळ, स्मिथ बेटाशी वाळूच्या पट्टीने जोडलेले. छायाचित्रात वाळूची पट्टी पाहून पहिल्या रॉसचे तिकीट काढणारे कमी नाहीत.

ऋतू : नैर्ऋत्य मोसमी पाऊस केरळात पोहोचण्याआधी अंदमान समुद्रात उतरतो, साधारण मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तो सप्टेंबरपर्यंत राहतो. त्यानंतर ईशान्य मोसमी वारे आणि चक्रीवादळांचा काळ येतो, तो डिसेंबरपर्यंत लांबतो. दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या नेमक्या याच काळात येतात, त्यामुळे गर्दी आणि वादळाची शक्यता दोन्ही एकाच वेळी वाढतात. डिसेंबर २०१६ मध्ये कमी दाबाच्या पट्ट्यामुळे बोटी थांबल्या, हॅवलॉक आणि नीलवर शेकडो पर्यटक अडकले आणि त्यांना आणायला नौदलाची जहाजे पाठवावी लागली. समुद्र सर्वांत शांत आणि पाणी सर्वांत निवळ असते ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. एप्रिलमध्ये उकाडा वाढतो, पण समुद्र अजून सपाट असतो. ज्याला सुट्टी निवडता येते त्याने डिसेंबरपेक्षा फेब्रुवारी निवडावा.

पोहोचणे : चेन्नई आणि कोलकात्याहून विमानाला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. विमाने मुख्यतः सकाळ ते दुपार या वेळात उतरतात. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम येथून प्रवासी जहाजेही सुटतात. त्यांना तीन ते चार दिवस लागतात, फेऱ्या मोजक्या असतात आणि तारखा उशिरा जाहीर होतात. ज्याच्याकडे दोन्ही बाजूंना मोकळे दिवस आहेत त्यानेच जहाजाचा विचार करावा.

बेटांमधील बोटी : पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील हा त्रिकोण बहुतेक सहलींचा गाभा. खासगी कॅटामरान (दोन जोडसांगाड्यांची वेगवान) बोट पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला साधारण दीड तासात जाते, सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास लागतात. हॅवलॉक ते नील पाऊण ते एक तास. सरकारी बोटी फिनिक्स बे जेटीवरून सुटतात, खासगी बोटी बहुधा हॅडो धक्क्यावरून. दोन्ही धक्के एकाच गावात असले तरी एकमेकांपासून दूर आहेत, म्हणून तिकिटावरचे धक्क्याचे नाव आदल्या रात्रीच वाचावे. सुटण्याच्या तासभर आधी पोहोचणे भाग असते, कारण सामान तपासणी आणि ओळखपत्रांची रांग दोन्ही लागतात.

सरकारी बोट स्वस्त आहे आणि तिच्या डेकवर उभे राहून समुद्र पाहता येतो. पण ती मूळची बेटवासीयांची बस आहे. दवाखाना, बाजार, परीक्षा सगळे तिच्यावर अवलंबून असते, आणि तिकिटात त्यांना अग्रक्रम मिळतो तो योग्यच आहे. सहा जणांच्या कुटुंबाने ऐनवेळी तिच्यावर भिस्त ठेवू नये. खासगी कॅटामरानचा कक्ष वातानुकूलित आणि पूर्ण बंद असतो. लाटा असल्या की मळमळ होते ती इथेच, कारण डोळ्यांना क्षितिज दिसत नाही आणि कानाला मात्र हेलकावे जाणवतात. बोटीचा पुढचा भाग सर्वांत जास्त उडतो, म्हणून जागा निवडता येत असेल तर मागची किंवा मधली, खालच्या मजल्यावरची घ्यावी. उलटीवरची गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याच्या तासभर आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. रिकाम्या पोटी बसू नये आणि तेलकट खाऊनही बसू नये.

हवामान बिघडले की बंदर खाते बोटी रोखते आणि मग पैसे भरलेली हॉटेलेही उपयोगाची राहत नाहीत. यावर उपाय एकच: परतीच्या विमानाची आदली रात्र पोर्ट ब्लेअरमध्येच काढायची. शक्य असेल तर दोन रात्री. सकाळी हॅवलॉकहून बोट आणि दुपारी विमान ही जुळणी कागदावर सुंदर दिसते. दहा वेळा जमते, अकराव्या वेळी सगळ्या घराची विमानाची तिकिटे बुडतात.

दिवस लवकर मावळतो : भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखावृत्तावर बेतलेली आहे आणि पोर्ट ब्लेअर जवळपास ९२.७५° वर. म्हणजे सूर्य घड्याळाच्या सुमारे ४० मिनिटे पुढे चालतो. डिसेंबरमध्ये साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि पाचच्या सुमारास बुडतो. दुपारी जेवून, जरा पडून, साडेचारला हॅवलॉकवरच्या राधानगर किनाऱ्यावर निघालेल्याला सूर्यास्त रस्त्यातच गाठतो. येथे फिरण्याचा दिवस पहाटे पाचला सुरू करून दुपारी चारपर्यंत संपवावा, आणि मुक्कामाच्या ठिकाणी न्याहारी किती वाजता मिळते ते आधी विचारून घ्यावे.

भरती-ओहोटी : सहलीच्या पत्रकांत हा विषय येतच नाही, आणि अर्धे विरस यामुळेच होतात. नीलच्या लक्ष्मणपूर भागातील खडकांची नैसर्गिक कमान फक्त ओहोटीला गाठता येते. पाणी उतरले की खडकांच्या खळग्यांत लहान खेकडे, समुद्रकाकड्या आणि निळसर शिंपले दिसतात. पाणी चढू लागले की तोच रस्ता गुडघाभर लाटांत जातो आणि शेवाळलेल्या प्रवाळखडकावरून पाय घसरून घोटे मुरगळतात. भरतपूरच्या किनाऱ्यावर उलट होते: भर ओहोटीला पाणी इतके उथळ की काचेच्या तळाची बोटही निघत नाही आणि पोहायला जागा उरत नाही. एकाच बेटावरच्या दोन जागांना पाण्याच्या दोन वेगळ्या वेळा लागतात, हे लक्षात घेऊन दिवस आखला तर नील एका दिवसात सुखाने पाहून होते.

कोकणात तिथीला पाऊण तासाने गुणून भरतीची वेळ काढतात. तो आकडा पोर्ट ब्लेअरला जसाच्या तसा लागू पडत नाही, पण भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते हे नियम तेच. उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते, म्हणून कमान पाहायला ते दिवस उत्तम. अष्टमीच्या आसपास भांगेचे, म्हणजे कमी चढउताराचे, पाणी फारसे उतरत नाही. पोर्ट ब्लेअरचे भरतीचे तक्ते छापील आणि ऑनलाइन दोन्ही मिळतात. बोटीची तिकिटे काढण्यापूर्वी ते एकदा पाहिले की नीलला कोणत्या दिवशी जायचे ते आपोआप ठरते.

किती दिवस : सहा रात्री हे किमान माप धरावे. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर आणि सेल्युलर जेल. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी तीन आज उभ्या आहेत. सावरकर १९११ पासून दहा वर्षे येथे होते. त्यांची कोठडी वरच्या मजल्यावर, टोकाला आहे. साडेचार मीटर लांब आणि पावणेतीन मीटर रुंद कोठडी, उंचावर एक झरोका, आणि दारासमोर पुढच्या शाखेची पाठ, म्हणजे कैद्याला कैदी दिसू नये. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम चांगला आहे, पण तो पाहून परतणाऱ्यांनी दिवसाउजेडी कोठड्यांत चालायचे टाळू नये. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, तेथे दोन रात्री. मग नील, एक रात्र. उरलेल्या दोन रात्री पोर्ट ब्लेअर. त्यात समोरचे रॉस किंवा वंडूर बसते. रॉस बुधवारी आणि वंडूरचे सागरी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते, तरी निघण्यापूर्वी खात्री करावी.

वंडूरहून जॉली बॉय बेटावर जायचे तर एकदाच वापरायचे प्लास्टिक धक्क्यावरच काढून घेतात आणि पाण्याच्या बाटलीसाठी अनामत रक्कम ठेवावी लागते. जॉली बॉय पावसाळ्यात बंद ठेवतात आणि त्या महिन्यांत रेड स्किन बेट खुले करतात. वाटेत सिप्पीघाटला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खारे पाणी पसरलेले दिसते. ती पूर्वी भातखाचरे होती. २००४ च्या भूकंपात ही जमीन खचली आणि समुद्र आत आला तो परत गेला नाही.

उत्तरेकडचे दिगलीपूर, ७३२ मी. उंचीचे सॅडल शिखर आणि कालीपूरची कासवांची पुळण पाहायची तर आणखी तीन दिवस हवेत. सहा रात्रींत ते कोंबू नये.

बाराटांगचा रस्ता : बाराटांगची चुनखडीची गुहा आणि चिखलाचे ज्वालामुखी पाहायला जाणारा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांग चेकपोस्टपासून वाहने ठरलेल्या वेळी पोलिसांसह ताफ्याने सोडतात. पहिल्या ताफ्यासाठी पोर्ट ब्लेअरहून पहाटे तीनच्या सुमारास निघावे लागते. सुमारे ५० किमी. जंगलात थांबणे, फोटो काढणे, काही देणे, हात करणे यांतले काहीही करायचे नाही. १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमाखाली हे गुन्हे आहेत आणि त्यांना तुरुंगवास आहे. पण कायद्यापेक्षा कारण मोठे आहे. जारवा बाहेरच्यांशी मिसळू लागले ते १९९७-९८ नंतर, आणि १९९९ मध्येच त्यांच्यात गोवराची साथ आली. आपल्याला सर्दीइतका साधा वाटणारा आजार अशा काहीशे माणसांच्या जमातीला पुरतो. म्हणून 'जारवा दाखवतो' म्हणणाऱ्या गाडीवाल्याची गाडी घेऊ नये आणि त्याची तक्रार करावी. केवळ कांदळवनाची खाडी पाहायची हौस असेल तर पोर्ट ब्लेअरच्या आसपासही कांदळवने आहेत.

पाण्यात उतरताना : स्कूबा डायव्हिंग हॅवलॉकमध्ये सर्वांत सोयीचे. प्रशिक्षण नसलेल्यांना प्रशिक्षकासोबत जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत नेतात, वयाची अट साधारण दहा वर्षे. दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयविकार असल्यास अर्जात लपवू नये. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचे नाही, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन कमी दाबात बुडबुडे धरतो. वर सांगितलेल्या आखणीत हॅवलॉक आधी ठेवले आहे ते यासाठीही. २०१० मध्ये पाणी तापल्याने येथील बरेच प्रवाळ पांढरे पडून मेले. उरलेले सावरत आहे, त्यावर पाय ठेवू नये.

खाऱ्या पाण्यातील मगरी अंदमानात आहेत. २०१० मध्ये राधानगरजवळच्या कोपऱ्यात एका पर्यटक महिलेचा मगरीने बळी घेतला. जीवरक्षक किंवा फलक जेथे मनाई करतात तेथे, खाडीच्या मुखाशी आणि अंधार पडताना पाण्यात जाऊ नये. किनाऱ्यावरच्या वाळूमाश्या दिसत नाहीत, पण त्यांचे चावे आठवडाभर खाजतात; पहाटे आणि तिन्हीसांजेला वाळूत पडून राहू नये, पंचा पसरून बसावे.

पैसे आणि फोन : चेन्नईहून समुद्राखालची केबल २०२० मध्ये सुरू झाल्यापासून इंटरनेट पुष्कळ सुधारले आहे. तरी नीलवर नेटवर्क गेले की मोबाइलवरून पैसे भरता येत नाहीत आणि एटीएम मोजकीच. दोन दिवस पुरेल इतकी रोकड पोर्ट ब्लेअरमधूनच घ्यावी. बोटीची तिकिटे आणि हॉटेलचा पत्ता कागदावर छापून ठेवावा.

परतताना विमानतळावर सामान क्ष-किरणांतून जाते आणि पिशवीतला प्रवाळाचा तुकडा तेथे स्पष्ट दिसतो. प्रवाळ आणि अनेक जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, मग ते किनाऱ्यावर मेलेले सापडले असले तरी. दुकानातून घेतलेल्या शंखाची पावती आणि परवानगीचा कागद जपून ठेवावा. मुलांनी खिशात भरलेले शंख-शिंपले शेवटच्या संध्याकाळी पुन्हा वाळूवर ठेवून यावेत, कारण संन्यासी खेकड्याला घर म्हणून रिकामे शंखच लागतात.