प्रिन्स्टन–कोलंबिया सामन्याची पार्श्वभूमी: आयव्ही लीगमध्ये ‘विजेता’ म्हणायचे कोणाला?

आयव्ही लीग म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडील आठ विद्यापीठांची क्रीडा लीग. तिच्या महिला बास्केटबॉलमध्ये प्रिन्स्टन आणि कोलंबिया यांची गाठ दर हिवाळ्यात दोनदा ठरलेली असते, एकदा न्यू जर्सीत आणि एकदा न्यूयॉर्कमध्ये. तिसरी गाठ पडलीच तर ती मार्चमधील बाद फेरीत पडते. बरीच वर्षे या सामन्याची कोणी मुद्दाम वाट पाहत नसे, कारण निकाल जवळजवळ ठरलेलाच असे. आता तसे राहिलेले नाही. 2023 मध्ये दोन्ही संघ साखळीत बरोबरीने पहिले आले. 2024 मध्ये दोघांनी 14 पैकी 13 सामने जिंकून पुन्हा किताब वाटून घेतला. 2025 मध्ये मात्र कोलंबियाने प्रिन्स्टनला दोन्ही वेळा हरवले आणि 13-1 (13 विजय, 1 पराभव) अशा कामगिरीसह प्रथमच एकट्याने पहिला क्रमांक घेतला. प्रिन्स्टनच्या बाजूने पाहिल्यास चढत्या कमानीवरच्या संघाशी सामना आहे असे म्हणता येईल, पण ही चढण एका हंगामात झालेली नाही आणि तिचा हिशेब केवळ गुणतक्त्यावरून लागत नाही.

जुना इतिहास थोडक्यात आटोपता येतो. प्रिन्स्टनने पदवी अभ्यासक्रमासाठी मुलींना 1969 मध्ये प्रवेश दिला, आणि संघ आजही जिथे खेळतो ते जॅडविन जिम त्याच वर्षी खुले झाले. सत्तरच्या दशकात लीगमधील महिलांचे पहिले किताब प्रिन्स्टनने जिंकले, ऐंशीच्या दशकावर डार्टमथची छाप राहिली, आणि 1998 मध्ये, देशभरातील विद्यापीठ संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, सोळाव्या मानांकनाच्या हार्वर्डने अग्रमानांकित स्टॅनफर्डला त्यांच्याच कोर्टवर 71-67 असे हरवले. राष्ट्रीय स्पर्धेत सोळाव्या मानांकनाचा संघ पहिल्या मानांकनाला हरवतो, हे त्याआधी कधी घडलेले नव्हते. या साऱ्यात कोलंबियाचे नाव येत नाही, आणि त्याचे कारण साधे आहे. आठ विद्यापीठांपैकी मुलींना सर्वांत उशिरा प्रवेश देणारे कोलंबिया कॉलेज होते, आणि तो प्रवेश 1983 मध्ये मिळाला. डॉ. आंबेडकरांमुळे हे विद्यापीठ मराठी वाचकाला परिचयाचे आहे. ते तेथे 1913 मध्ये दाखल झाले, म्हणजे पदवी महाविद्यालयाचे दार मुलींसाठी उघडायला त्यानंतर आणखी सत्तर वर्षे जावी लागली. रस्त्यापलीकडच्या बार्नार्ड या महिला महाविद्यालयाशी खेळांपुरता करार झाला आणि आजही बार्नार्डच्या विद्यार्थिनी कोलंबियाच्या संघातून खेळतात. इतर संघांचे एक तप उलटून गेल्यावर कोलंबियाची खरी सुरुवात झाली, ही गोष्ट त्यांच्या दीर्घ पिछाडीकडे बघताना विसरून चालत नाही.

2010 पासूनचा काळ प्रिन्स्टनचा आहे. त्या वर्षी साखळीतील 14 पैकी 14 सामने जिंकून संघ प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेत गेला, आणि तेव्हापासून 2024 पर्यंत, 2021 चा न खेळला गेलेला हंगाम वगळता, लीगचा किताब प्रिन्स्टन किंवा पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ) यांच्याच घरी राहिला. अपवाद म्हणायचा तर कोलंबियाने वाटून घेतलेल्या दोन किताबांचा. 2015 मध्ये प्रिन्स्टनने राष्ट्रीय स्पर्धेपूर्वीचे 30 च्या 30 सामने जिंकले, तरी राष्ट्रीय स्पर्धेत संघाला आठवे मानांकन मिळाले. दुबळ्या समजल्या जाणाऱ्या लीगमध्ये कितीही जिंकले तरी ते पुरेसे मोठे मानले जात नाही, ही तक्रार तेव्हापासून अधिक ठळकपणे ऐकू येऊ लागली.

या सामन्याचे आजचे वजन समजून घ्यायचे तर 2016 च्या निर्णयापाशी थोडे रेंगाळावे लागते. तोपर्यंत आयव्ही लीगची पद्धत सरळ होती. आठ संघ एकमेकांशी दोनदा खेळत, प्रत्येकाच्या वाट्याला 14 सामने येत, आणि जो पहिला येई तो राष्ट्रीय स्पर्धेत जाई. पहिल्या श्रेणीतील इतर सगळ्या कॉन्फरन्स, म्हणजे आयव्हीसारखे विद्यापीठांचे गट, हंगामाअखेर बाद फेरीची स्पर्धा घेऊन तिच्या विजेत्याला थेट प्रवेश देत होत्या, आणि तसे न करणारी आयव्ही ही एकटीच उरली होती. सत्तरच्या दशकात महिलांचा किताब काही वर्षे हंगामाअखेरच्या छोट्या स्पर्धेतूनच ठरत असे, हे मात्र परंपरेचा दाखला देणाऱ्यांच्या सहसा लक्षात नसे. जुन्या पद्धतीचे समर्थक ‘आमची स्पर्धा 14 सामन्यांची असते’ असे अभिमानाने सांगत, आणि त्यात तथ्य होते. जानेवारीतल्या एखाद्या शुक्रवारी, अर्ध्या रिकाम्या जिममध्ये तळाच्या संघाकडून झालेला पराभव मार्चमध्ये किताब घालवू शकत असे. मार्च 2016 मध्ये पेन आणि प्रिन्स्टन यांच्यातला अखेरचा सामना अक्षरशः किताबाचा सामना ठरला आणि पेनने तो 62-60 असा जिंकला. हरलेल्या प्रिन्स्टनला राष्ट्रीय स्पर्धेच्या निवड समितीने, थेट प्रवेश न मिळालेल्या संघांसाठी तिच्या अखत्यारीत असलेल्या जागांपैकी एक दिली, आणि आयव्हीच्या महिलांच्या इतिहासात अशी जागा मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. जुनी पद्धत इतकी रंगत आणू शकते याचा याहून चांगला पुरावा शोधून सापडला नसता, आणि नेमक्या त्याच आठवड्यात लीगने जाहीर केले की पुढच्या वर्षापासून पहिल्या चार संघांची बाद फेरी होईल आणि तिचा विजेता राष्ट्रीय स्पर्धेत जाईल.

निर्णयाच्या बाजूने दिलेली कारणे टाकाऊ नव्हती. खेळाडूंना इतरत्र मिळणारा अनुभव मिळावा, लीग दूरचित्रवाणीवर दिसावी, फेब्रुवारीत मागे पडलेल्या संघांनाही काही आशा राहावी, ही ती कारणे. आठही संघांना न घेता चारच घेतल्यामुळे साखळीचे महत्त्व शाबूत राहील आणि वर्गही फार बुडणार नाहीत, असा मध्यममार्ग त्यात होता. मात्र पहिल्या दोन वर्षी ही स्पर्धा फिलाडेल्फियाच्या पॅलेस्ट्रात, म्हणजे पेनच्याच घरच्या कोर्टवर, भरवली गेली. 2017 मध्ये पुरुष गटात साखळीतील 14 पैकी 14 सामने जिंकलेल्या प्रिन्स्टनला तेथे 6-8 कामगिरीच्या पेनविरुद्ध जादा वेळेपर्यंत झगडावे लागले, तर महिला गटात पेननेच प्रिन्स्टनला हरवून स्पर्धा जिंकली. त्यानंतर यजमानपद फिरते ठेवण्यात आले.

शब्दांचा गुंता येथूनच सुरू झाला. लीगच्या नोंदीप्रमाणे ‘आयव्ही लीगचा विजेता’ म्हणजे साखळीत पहिला आलेला संघ. दोन संघ बरोबरीत असतील तर दोघेही विजेते, आणि जिममध्ये टांगल्या जाणाऱ्या पताकेवर दोघांचेही वर्ष. मार्चमधील बाद फेरी जिंकणारा संघ या अर्थाने लीगचा विजेता नसतो, त्याच्या हाती राष्ट्रीय स्पर्धेचा थेट प्रवेश येतो. इतर बहुतेक कॉन्फरन्समध्ये बाद फेरीच्या विजेत्यालाच लोक सर्रास विजेता म्हणतात, त्यामुळे बातम्यांत हे दोन अर्थ नेहमी एकमेकांत मिसळतात. ‘गतविजेत्यांचा सामना’ असे वाचले की नेमके कोणाबद्दल बोलले जात आहे हे तपासून घ्यावे लागते. 2025 पुरते बोलायचे तर साखळीचा विजेता कोलंबिया होता आणि थेट प्रवेश मिळवणारा हार्वर्ड. तिसऱ्या क्रमांकावर राहिलेल्या हार्वर्डने प्रॉव्हिडन्समधील बाद फेरीत आधी प्रिन्स्टनला आणि अंतिम सामन्यात कोलंबियाला 74-71 असे हरवले.

या व्यवस्थेची सर्वांत मोठी किंमत कोलंबियाने 2023 मध्ये मोजली, आणि माझ्या मते त्या तीन आठवड्यांइतके या वैराला दुसऱ्या कशानेही घडवलेले नाही. त्या वर्षी साखळीत प्रिन्स्टन आणि कोलंबिया दोघेही 12-2 होते. बाद फेरी प्रिन्स्टनच्या जॅडविनमध्ये होती. उपांत्य सामन्यात कोलंबिया हार्वर्डकडून जादा वेळेत हरला, प्रिन्स्टनने दोन्ही सामने जिंकून थेट प्रवेश घेतला, आणि रविवारी निवड समितीने जाहीर केलेल्या यादीत कोलंबियाचे नाव नव्हते. थोडक्यात हुकलेल्या पहिल्या चार संघांत ते होते. मग संघ दुय्यम राष्ट्रीय स्पर्धेत खेळला आणि थेट अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. तो सामना कॅन्सस विद्यापीठाच्या अॅलन फील्डहाउसमध्ये अकरा हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर झाला, आणि कोलंबिया 66-59 असा हरला. कॅन्सससुद्धा त्याच हुकलेल्या चारांपैकी एक होता. न्यूयॉर्कमधील लेव्हिन जिम जमिनीखाली आहे, पायऱ्या उतरून तेथे जावे लागते आणि जेमतेम तीन हजारांच्या आत प्रेक्षक मावतात. तेथून निघालेल्या संघाचा हंगाम त्या अवाढव्य सभागृहात संपला.

कोलंबियाच्या चढणीची सुरुवात सहसा 2016 मध्ये धरली जाते, कारण त्या वर्षी संघाला सध्याची मुख्य प्रशिक्षक मिळाली. ती कोलंबियाचीच माजी खेळाडू, पण त्याआधीची सहा वर्षे तिने प्रिन्स्टनमध्ये सहायक म्हणून काढली होती. प्रिन्स्टनचा सुवर्णकाळ आतून पाहिलेली व्यक्ती समोरच्या बाकावर बसली, ही गोष्ट या सामन्याच्या पूर्वपीठिकेत जितकी सांगितली जाते त्याहून अधिक सांगायला हवी. फळ मात्र लगेच मिळाले नाही. मार्च 2020 मध्ये महासाथीमुळे बाद फेरी सर्वांत आधी रद्द करणारी लीग आयव्हीच होती. तेव्हा प्रिन्स्टन 26-1 असा होता आणि दोनच दिवसांनी राष्ट्रीय स्पर्धाही रद्द झाल्याने त्या संघाला पुढे खेळायलाच मिळाले नाही. पुढचा संपूर्ण हंगाम लीगने खेळवला नाही. ती पोकळी भरून निघाल्यावर, 2022 मध्ये, कोलंबिया प्रथमच बाद फेरीच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि प्रिन्स्टनकडून हरला. प्रिन्स्टनने त्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत केंटकीला आणि पुढच्या वर्षी अखेरच्या क्षणांतील तीन गुणांच्या बास्केटवर नॉर्थ कॅरोलायना स्टेटला 64-63 असे हरवले.

त्याच 2022 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत 64 ऐवजी 68 संघ घेण्यास सुरुवात झाली. त्याआधीच्या वर्षी सॅन अँटोनिओत महिला संघांना मिळालेल्या किरकोळ व्यायामसाहित्याची छायाचित्रे सर्वत्र पसरून मोठा गदारोळ झाला होता, आणि पुरुषांप्रमाणे महिलांनाही चार जादा जागा मिळाल्या त्या या पार्श्वभूमीवर. कोलंबियाला 2024 मध्ये राष्ट्रीय स्पर्धेचे पहिले दर्शन झाले ते या वाढीव प्राथमिक फेरीतच. घरच्या लेव्हिन जिममध्ये झालेल्या आयव्ही बाद फेरीचा अंतिम सामना प्रिन्स्टनविरुद्ध हरूनही समितीने संघाला जागा दिली, आणि प्राथमिक फेरीत तो व्हँडरबिल्टकडून 72-68 असा हरला. 2025 मध्ये आयव्हीचे तीन संघ राष्ट्रीय स्पर्धेत गेले, आणि हे प्रथमच घडत होते. प्रिन्स्टन प्राथमिक फेरीत आयोवा स्टेटकडून हरला. कोलंबियाने चॅपल हिलमध्ये वॉशिंग्टनला 63-60 असे हरवून या स्पर्धेतला आपला पहिला विजय मिळवला. ज्या नॉर्थ कॅरोलायनाच्या कोर्टवर हा सामना झाला, त्या संघाची प्रशिक्षक म्हणजे प्रिन्स्टनचा सुवर्णकाळ घडवून 2019 मध्ये तेथून गेलेली प्रशिक्षक.

तीन जागा मिळाल्या म्हणजे बाद फेरीचा निर्णय योग्य ठरला, असा युक्तिवाद आता होतो. तो अर्धाच खरा वाटतो. तिसऱ्या क्रमांकाच्या संघाने थेट प्रवेश घेतला म्हणून वरच्या दोघांना समितीच्या दारात उभे राहावे लागले, आणि त्यांना जागा मिळाली ती नोव्हेंबर-डिसेंबरात लीगबाहेरच्या बलाढ्य संघांशी खेळण्याचा धोका पत्करल्यामुळे. समिती जी संगणकीय क्रमवारी पाहते, तिच्यात प्रतिस्पर्धी किती बलवान आणि सामना कोणाच्या कोर्टवर, या दोन्हीला वजन असते. म्हणून कोलंबियाची भरभराट प्रिन्स्टनच्या पथ्यावरही पडते. दहा वर्षांपूर्वी या सामन्यातला पराभव हा कलंक होता, आज परक्या कोर्टवर चांगल्या संघाकडून झालेला पराभव म्हणून तो पचवता येतो, आणि विजय खणखणीत ठरतो.

एक गोष्ट मात्र दोघांनाही सारखीच जाचते. आयव्ही लीग खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही. त्याविरुद्ध लीगमधल्याच ब्राउन विद्यापीठाच्या दोन बास्केटबॉलपटूंनी 2023 मध्ये केलेला दावा पुढच्या वर्षी फेटाळला गेला. जानेवारी 2025 मध्ये लीगने खेळाडूंना उत्पन्नातील वाटा देण्याच्या नव्या व्यवस्थेतही सामील होणार नसल्याचे सांगितले. शिवाय पदवी घेतलेल्या खेळाडूला लीगमध्ये पुढे खेळता येत नाही, म्हणून खेळण्याच्या पात्रतेचे एखादे वर्ष शिल्लक असले तर ती दुसरीकडे जाते. 2023-24 मध्ये कोलंबिया, हार्वर्ड आणि पेन येथून पदवी घेतलेल्या तीन खेळाडू लॉस एंजेलिसमधील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळत होत्या. त्या संघाने आपल्या कॉन्फरन्सची बाद फेरी जिंकली तेव्हा स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू हार्वर्डहून आलेली होती. त्यामुळे या सामन्यापूर्वी दोन्ही संघांच्या याद्या पाहताना उंची आणि सरासरी यांच्याआधी खेळाडूचे पदवीचे वर्ष पाहिले जाते. कोलंबियासाठी आजवर सर्वाधिक गुण केलेली खेळाडू 2024 मध्ये पदवी घेऊन व्यावसायिक लीगच्या निवडीत गेली, आणि तिच्याविना खेळलेल्या पुढच्याच हंगामात संघ 13-1 झाला.