घोळणा न फोडता : नाकावाटे घातल्या जाणाऱ्या भुलीच्या नळीची पार्श्वभूमी

ऑपरेशन जबड्याचं आणि भूल देताना श्वासासाठी श्वासनलिकेत घालायची नळी मात्र नाकात, हे पाहून नातेवाईक बुचकळ्यात पडतात. मोडलेला जबडा जुळवताना वरचे-खालचे दात एकमेकांवर नेमके बसतात की नाही, हे सर्जनला तोंड मिटवून पाहावं लागतं. पुष्कळदा दात तारेने बांधावेही लागतात. मध्ये नळी आली की ते जमत नाही. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या अपघातांत जबडा मोडलेले आणि मावा-गुटख्याने तोंड आखडलेले, अशा दोन्ही रुग्णांसाठी साताऱ्यापासून मिरजेपर्यंतच्या भूलतज्ज्ञांना हा नाकाचा रस्ता धरावा लागतो.

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, त्या काळी जगभर भूल म्हणजे बहुतेक वेळा तोंडानाकावर धरलेल्या कापडावर टाकलेले क्लोरोफॉर्म किंवा ईथरचे थेंब. पोटाच्या ऑपरेशनला हे चालायचं. चेहऱ्याच्या ऑपरेशनला मात्र ते कापडच सर्जनच्या आड यायचं आणि रक्त फुप्फुसात उतरण्याची भीती वेगळीच. ग्लासगोच्या विल्यम मॅकएवेन यांनी १८७८ मध्ये जिभेच्या मुळाच्या कर्करोगासाठी तोंडावाटे, बोटाने चाचपत, श्वासनलिकेत नळी घातली होती. पुढे जर्मनीत फ्रान्झ कून यांनी १९०२ च्या सुमारास नाकाच्या वाटेचं वर्णन केलं. तरीही दोन दशकं फारसं कुणी तिकडे वळलं नाही.

वळायला लावलं पहिल्या महायुद्धाने. इंग्लंडमधल्या सिडकपला चेहरे छिन्नविच्छिन्न झालेले सैनिक येत आणि हॅरोल्ड गिलीज त्यांची प्लास्टिक सर्जरी करत. भूल द्यायला आयव्हन मॅगिल आणि स्टॅनली रोबॉटम. मॅगिल यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेला वाकडा चिमटा आजही प्रत्येक ऑपरेशन थिएटरात असतो आणि मॅगिल याच नावाने मागितला जातो. नाकातून घशात आलेलं नळीचं टोक त्याने धरायचं आणि स्वरयंत्रात वळवायचं. पण त्यांच्या हे लक्षात आलं, की योग्य बाक असलेली रबरी नळी पुष्कळदा चिमट्याशिवायही आपसूक श्वासनलिकेत उतरते. सकाळची हवा हुंगताना मान जशी पुढे येते आणि डोकं जरासं मागे जातं तसं ठेवायचं, नळीच्या तोंडाला कान लावायचा आणि श्वासाचा आवाज वाढेल तशी नळी सरकवायची. काहीच न दिसता, निव्वळ ऐकून!

मात्र या कसबाला रुग्ण स्वतः श्वास घेत असावा लागतो. १९४२ मध्ये क्युरारी हे स्नायू शिथिल करणारं औषध भुलीत आलं आणि श्वास थांबला की तो आवाजही गेला. पुढच्याच वर्षी मॅकिंटॉश यांचा वाकडा लॅरिंगोस्कोप, म्हणजे तोंडातून घालून स्वरयंत्र पाहायचं उपकरण, आलं. स्वरयंत्र डोळ्यांनी पाहून चिमट्याने नळी वळवणं सोपं झालं.

इतकं झालं तरी नाकाला होणारी इजा टळली नाही, कारण ती नळी स्वरयंत्रापर्यंत पोचण्याआधीच होते. नाकाच्या पडद्याच्या पुढच्या भागात रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. घोळणा बहुधा तिथलाच फुटतो. आत बाजूच्या भिंतीवर टर्बिनेट नावाची वळलेली हाडं असतात. बाहेरून नाक वर चढत गेलेलं दिसतं म्हणून नवखा हात नळी वर रोखतो, पण सुरक्षित वाट नाकाच्या तळालगत, टाळूला समांतर, सरळ मागे जाते. वर गेलेली नळी मधलं टर्बिनेट तोडू शकते. कवटीच्या तळाचं हाड मोडलं असेल तर नळी थेट मेंदूकडे गेल्याच्याही नोंदी आहेत. त्यामुळे चेहऱ्याच्या मोठ्या अपघातात आधी सीटी स्कॅन पाहिला जातो. अशा रुग्णांसाठी स्पेनच्या हर्नांडेझ अल्तेमीर यांनी १९८६ मध्ये तोंडावाटे घातलेली नळी हनुवटीखाली छेद घेऊन बाहेर काढण्याची पद्धत मांडली.

माझ्या मते खरी सुरक्षितता आणली ती साध्यासुध्या गोष्टींनी. नाकाचं अस्तर आकसवणारे थेंब आधी टाकायचे. पूर्वी त्यासाठी कोकेन असे, आता झायलोमेटाझोलीन असतं. नळी कोमट सलाइनमध्ये मऊ करायची, एखादा आकार लहानच घ्यायची, जेली लावायची. टोकावर मऊ रबरी कॅथेटर (लवचीक बारीक नळी) चढवून आधी तो घशात उतरवायचा, मग काढून घ्यायचा. या कशालाच मोठा खर्च नाही.

आखडलेल्या तोंडाची गोष्ट निराळी. सुपारीमुळे गालाच्या आतलं अस्तर तंतुमय आणि ताठ होतं, त्या रोगाला ‘सबम्यूकस फायब्रोसिस’ हे नाव मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये दिलं. बोटभरही न उघडणाऱ्या तोंडात ना लॅरिंगोस्कोप जातो, ना चिमटा. इथे कामी येते लवचीक दुर्बीण. इंग्लंडच्या पीटर मर्फी यांनी १९६७ मध्ये पित्तनलिका पाहण्याची दुर्बीण उसनी वापरून तिच्यावरून नाकातून नळी सरकवली होती. आज त्यासाठी खास दुर्बीण मिळते. नाक-घसा बधिर करून रुग्ण जागा असतानाच ती घालतात, कारण भूल दिल्यावर श्वास अडला तर तोंडातून काही करायला वाव नसतो. दुर्बीण नसेल तिथे काही जण अजून मॅगिल यांच्यासारखे नळीला कान लावतात. कसब म्हणून त्याचं कौतुक आहेच, पण दुर्बीण असलेल्या दवाखान्यात वेळेवर पाठवणं मला अधिक शहाणपणाचं वाटतं.

भुलीच्या तपासणीत ‘कोणत्या नाकपुडीतून मोकळा श्वास येतो, वारंवार घोळणा फुटतो का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का’ असं विचारतात, ते नळी कोणत्या बाजूने घालायची आणि नाकातून घालायची की नाही, हे ठरवण्यासाठी.