नॉर्दर्न रॉक रांगांमुळे बुडाली का?

ब्रिटनची नॉर्दर्न रॉक ही गृहकर्ज देणारी बँक सप्टेंबर 2007 मध्ये घाबरलेल्या ठेवीदारांनी रांगा लावून बुडवली, असे अजूनही सर्रास सांगितले जाते. घटनाक्रम मात्र उलटा आहे.

न्यूकॅसलची ही सभासदांच्या मालकीची संस्था 1997 मध्ये शेअर बाजारात उतरली आणि झपाट्याने वाढली. मात्र ही वाढ ठेवींवर उभी नव्हती. सामान्यांच्या ठेवींचा वाटा जेमतेम पाव होता, बाकीचा पैसा गृहकर्जांचे रोखे विकून आणि वित्तीय बाजारातून अल्पमुदतीची उसनवारी करून उभा केला जाई. 9 ऑगस्ट 2007 रोजी हा बाजारच गोठला, म्हणजे कोणी उसने देईना, आणि कर्जे पंचवीस वर्षांची, उसनवारी काही महिन्यांची, हे गणित कोलमडले. ब्रिटनची मध्यवर्ती बँक असलेल्या बँक ऑफ इंग्लंडकडे नॉर्दर्न रॉकने हात पसरल्याची बातमी 13 सप्टेंबरच्या रात्री फुटली. रांगा दुसऱ्या दिवशी लागल्या. त्या वेळी पहिल्या 2,000 पौंडांनाच पूर्ण हमी होती, पुढच्या 33,000 पौंडांना 90 टक्के, त्यापलीकडे काहीच नाही. तेव्हा ठेवीदारांना भित्रे ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

17 सप्टेंबरला अर्थमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांनी ठेवींना सरकारी हमी दिल्यावर रांगा ओसरल्या, तरीही बँक सावरली नाही आणि फेब्रुवारी 2008 मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण करावे लागले.