ब्लाइंडची चेन: होल्डर वेगळा आणि सुटणारा जॉइंट वेगळा

आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला, कोल्हापुरातलं एप्रिलचं ऊन दुपारी तीननंतर थेट दिवाणावर, म्हणून रोलर ब्लाइंड, म्हणजे वर नळीवर गुंडाळलं जाणारं पडद्यासारखं, बसवून घेतलं, बाजूला पांढऱ्या मण्यांची गोल चेन असते ना तेच. एका संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि आमची सव्वादोन वर्षांची पोरगी दिवाणावर उभी राहून ती चेन गळ्यात घालून म्हणते, "आई, माळ!" तसल्याच पिठाच्या हातानं पळाले. काही झालं नाही, देवाची कृपा, पण रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी फिटरला फोन केला तर म्हणाला, "वहिनी, सेफ्टी क्लिप हाय की त्याला." आता गोंधळ हितंच आहे. चेनवर प्लास्टिकच्या दोन बारक्या वस्तू असू शकतात, दोन्हीला सगळे क्लिपच म्हणतात आणि दोघींचं काम पार वेगळं.

होल्डर असतो चेनच्या अगदी खालच्या टोकाला. चेन त्यातनं फिरते आणि तो भिंतीला किंवा चौकटीला स्क्रूनं बसवायचा, म्हणजे चेन वरपासून खालपर्यंत ताठ राहते, डोकं घालायला फटच उरत नाही. पण त्याचा सगळा जीव त्या स्क्रूत. आमच्याकडं स्क्रू मारलाच नव्हता हो! होल्डर चेनला नुसता लोंबकळत होता आणि मी वर्षभर समजत होते की तो चेन हलू नये म्हणून लावलेलं वजन आहे. ड्रिल मारायचा कंटाळा, नाहीतर भाड्याचं घर आणि मालक भोक पाडू देत नाही, अशी कितीतरी घरं असणार. तुमच्याकडं बघायचं असेल तर दोन बोटांनी चेन पुढं ओढून बघा, सैल होऊन मोठा फास झाला तर होल्डर असून नसल्यासारखाच.

सुटणारा जॉइंट म्हणजे चेनची दोन टोकं जिथं जुळतात तिथला तुकडा, जोर आला की उघडतो आणि फास मोडतो. फसवणारी गोष्ट अशी की गोल चेनला जोड देणारा साधा जॉइंटही बऱ्याचदा तसाच दिसतो आणि तो काही केल्या सुटत नाही, त्यामुळं नुसतं बघून कळत नाही, हातानं ओढूनच बघायचं. आणि ब्लाइंड जड असलं की हा जॉइंट रोजच्या वापरातही सुटतो, मग घरातलं कोणीतरी वैतागून फेव्हिक्विकनं चिकटवून टाकतं, झालं, सेफ्टी गेली.

मला विचाराल तर माझा भरवसा होल्डरवर जास्त, कारण जॉइंट सुटायच्या आधी ओढ मानेवर येतेच. एवढ्याशा पोरांचं डोकं अंगाच्या मानानं जड, मान कच्ची, श्वासनलिका मऊ. ब्रिटनमधली रोस्पा ही अपघात टाळण्यासाठी काम करणारी संस्था सांगते की १५ सेकंदांत शुद्ध हरपू शकते आणि दोन-तीन मिनिटांत जीव जाऊ शकतो. गळा आवळला की ओरडता येत नाही, म्हणजे शेजारच्या खोलीत असूनही आपल्याला कळणार नाही, हे मला सगळ्यात जास्त लागतं. अमेरिकेत तर डिसेंबर २०१८ पासून तयार मापाची ब्लाइंड बिनदोरीची, नाहीतर पोरांचा हात दोरीला पोचणार नाही अशीच बनवायचा नियम आहे. नवीन घेणार असाल तर दुकानात सरळ बिनचेनचं, स्प्रिंगवालं मागा, थोडं महाग पडलं तरी.

रोमन ब्लाइंडचं, म्हणजे घड्या पडत वर जाणाऱ्या कापडी ब्लाइंडचं, मात्र वेगळं. त्याच्या पाठीमागं कापडाला धरून उभ्या दोऱ्या असतात, पोरगं पडद्यामागं लपलं की त्या दोऱ्या त्याच्या हातात, आणि बाजूच्या चेनचा होल्डर किंवा जॉइंट तिथं काहीच कामाचा नाही. आमच्या बेडरूममधलं मी काढूनच टाकलं, गांधीनगरातनं कापड आणून रॉडवर साधा पडदा लावला. हॉलमधल्या होल्डरला ह्यांनी रविवारी ड्रिल मारून दोन स्क्रू लावले, दिवाण समोरच्या भिंतीला सरकवला. पोरगी दोनदा जाऊन चेन ओढून आली, "माळ येत नाही" म्हणून रुसून बसली.