दारावरची उधारी: ब्रिटनमधील सामाजिक घरांचे भाडेकरू आणि बेकायदा सावकारी

इंग्लंडमध्ये नगर परिषदेच्या किंवा ना-नफा गृहसंस्थेच्या घरात, म्हणजे तेथील भाषेत सामाजिक घरात, राहणाऱ्या भाडेकरूला घरमालकाकडून जी माहितीपुस्तिका मिळते, तिच्यात दुरुस्तीची तक्रार कोठे करावी आणि भाडे थकल्यास कोणाशी बोलावे यांबरोबरच बेकायदा सावकारापासून दूर कसे राहावे, याचीही माहिती बहुधा असते. घरमालकाने भाडेकरूला सावकाराविषयी सावध करावे, ही गोष्ट आपल्याकडील वाचकाला थोडी चमत्कारिक वाटेल. ब्रिटनमध्ये मात्र कमी भाड्याची सार्वजनिक घरे आणि गरिबांची उधारी यांचा इतिहास दीडशेहून अधिक वर्षे शेजारी-शेजारी चालत आला आहे.

ऑक्टेव्हिया हिल या समाजसुधारक बाईंनी 1865 मध्ये लंडनच्या मेरिलबोन भागात मोडकळीस आलेली काही घरे हाती घेऊन ती मजुरांना भाड्याने देण्यास सुरुवात केली. त्यांच्या पद्धतीत दर आठवड्याला भाडे घेण्यासाठी कार्यकर्ती बाई स्वतः दारात जाई, आणि त्या भेटीतच घराची अवस्था, आजारपण, गेलेले काम, मुलांची शाळा यांची विचारपूस होई. भाड्याबाबत मात्र सवलत नसे. थकबाकी वाढू दिली जात नसे. मदत आणि वसुली एकाच हाताने करण्याची ही रीत आजच्या सामाजिक गृहव्यवस्थेतही टिकून आहे, आणि तिच्यातला अंगचा पेचही टिकून आहे. पुढे लिव्हरपूलने 1869 मध्ये नगरपालिकेच्या पैशाने घरे बांधली, 1890 च्या कायद्याने नगरसंस्थांना व्यापक अधिकार दिले, लंडनची बाउंडरी इस्टेट 1900 मध्ये खुली झाली, आणि पहिल्या महायुद्धानंतर 1919 च्या ॲडिसन कायद्याने सरकारी अनुदानातून मोठ्या प्रमाणावर कौन्सिल घरे, म्हणजे नगर परिषदेची घरे, उभी राहू लागली.

ही पहिली घरे प्रामुख्याने बऱ्या कमाईच्या कामगारांना मिळाली. अगदी गरीब कुटुंबे मोठ्या संख्येने तेथे आली ती 1930 च्या कायद्यानंतर, जुन्या गलिच्छ वस्त्या पाडण्यास सुरुवात झाल्यावर. नवे घर कोरडे आणि उजेडाचे असले, तरी त्याचे भाडे जुन्या खोलीपेक्षा पुष्कळदा जास्त असे, कामावर जाण्याचा खर्च वाढलेला असे, आणि जुन्या गल्लीतला ओळखीचा वाणी, ज्याच्या वहीत आठवडाभराचे सामान लिहून ठेवता येई, तो मागे राहिलेला असे. चांगले घर मिळाल्याने माणूस कर्जात पडू शकतो, हा अनुभव बहुतेक प्रत्येक पुनर्वसनात येतो. योजना आखणाऱ्यांनी तो क्वचितच हिशेबात धरला आहे.

जुन्या गल्लीत उधारीची एक साखळीच होती. सोमवारी नवऱ्याचा रविवारचा कोट गहाणाच्या दुकानात जाई आणि शनिवारी पगार झाला की सोडवून आणला जाई. ब्रॅडफर्डच्या जोशुआ वॉडिलोव्ह यांनी 1880 मध्ये सुरू केलेल्या प्रॉव्हिडंट कंपनीने कपडे आणि कोळसा घेण्यासाठी हुंडीसारखी पत्रे देऊन आठवड्याच्या हप्त्याने पैसे वसूल करण्याचा धंदा उभारला, आणि तिचा एजंट पुढे कितीतरी पिढ्या दारोदार फिरत राहिला. याखेरीज गल्लीतच राहणारी एखादी बाई शेजारणींना थोडे थोडे पैसे व्याजाने देई. तिच्याकडे कागद नसे. कोणाच्या घरात काय चालले आहे याची खडान्‌खडा माहिती हेच तिचे तारण.

कायद्याने या क्षेत्रात पहिले ठोस पाऊल 1900 मध्ये टाकले. त्या वर्षीच्या सावकारी कायद्याने सावकारांना नोंदणी बंधनकारक केली आणि अवाजवी वाटणारा व्यवहार पुन्हा उघडून तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. मराठी वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांनंतर 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला, आणि त्याने दस्तावर लिहिलेल्या रकमेच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा न्यायाधीशांना दिली होती. म्हणजे जे संरक्षण येथील कुणब्याला मिळाले, ते ब्रिटनमधल्या कर्जदाराला मिळण्यास आणखी 21 वर्षे लागली. पुढे 1927 च्या कायद्याने परवाना सक्तीचा केला आणि वार्षिक 48 टक्क्यांहून अधिक व्याज प्रथमदर्शनी जाचक मानले. परवान्याचा खर्च आणि सोपस्कार गल्लीतल्या छोट्या सावकाराला परवडणारे नव्हते. धंदा मात्र थांबला नाही, तो कायद्याच्या नजरेआड गेला.

सल्ल्याची संस्थात्मक व्यवस्था याहून उशिरा आली. ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, 4 सप्टेंबर 1939 रोजी, सिटिझन्स ॲडव्हाइस ब्यूरोची सुमारे 200 केंद्रे सुरू झाली. हरवलेली रेशनपुस्तके, बेपत्ता नातेवाईक, बॉम्बने पडलेली घरे आणि कर्ता पुरुष आघाडीवर गेल्याने थकलेली देणी अशा गाऱ्हाण्यांना तेथे वाट मिळे. घरांच्या प्रश्नावर काम करणारी शेल्टर ही संस्था 1966 मध्ये स्थापन झाली. केवळ कर्जाविषयी सल्ला देणारे केंद्र बर्मिंगहॅम सेटलमेंट या जुन्या समाजसेवी संस्थेने 1971 मध्ये उघडले, आणि 1987 मध्ये त्याच शहरात हाउसिंग डेटलाइन नावाची कर्जसल्ल्याची दूरध्वनी सेवा सुरू झाली, जी पुढे नॅशनल डेटलाइन म्हणून देशभर गेली. दरम्यान 1974 च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याने जुने सावकारी कायदे मागे टाकून सर्व प्रकारच्या कर्जव्यवहारांसाठी एकच परवाना पद्धत आणली आणि विनापरवाना कर्ज देणे हा फौजदारी गुन्हा ठरवला.

गुन्हा ठरला, पण तो शोधणारे कोणी नव्हते. पुढची तीस वर्षे हीच स्थिती राहिली, आणि याच तीस वर्षांत कौन्सिल वस्त्यांचे रूप पालटले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमधील सुमारे एक तृतीयांश कुटुंबे कौन्सिलच्या घरांत राहत होती; गिरणी कामगार, बसचालक, परिचारिका, निवृत्त शिपाई सगळे एकाच जिन्यावर. मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने 1980 च्या कायद्याने भाडेकरूला राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला. त्याच कायद्याने भाडेकरूच्या ताब्याला कायदेशीर सुरक्षितताही दिली, हे सहसा सांगितले जात नाही. ज्यांचा पगार नियमित होता त्यांनी घरे घेतली, चांगली घरे आधी गेली, नवी फारशी बांधली गेली नाहीत. आणि त्याच काळात कारखाने बंद पडत होते. उरलेल्या घरांत बेरोजगार, एकट्या आया, आजारी आणि वृद्ध माणसे यांचे प्रमाण वाढत गेले. बँकेत पत नसलेली, पण दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी सरकारी भत्ता मिळणारी हजारो कुटुंबे एकाच वस्तीत एकवटली. बेकायदा सावकाराला याहून सोयीचे गिऱ्हाईक मिळणे कठीण होते.

तेव्हाची वसुलीची तऱ्हा सांगण्याजोगी आहे. मुलांचा भत्ता घेण्यासाठी टपाल कार्यालयात एक पुस्तिका दाखवावी लागे, तिच्यातील दर आठवड्याचे पान फाडून कारकून रोख पैसे देई. सावकार ही पुस्तिकाच तारण म्हणून स्वतःकडे ठेवी. भत्त्याच्या दिवशी तो टपाल कार्यालयाबाहेर उभा राही, रांगेतल्या बाईच्या हातात तिचे पुस्तक देई, ती पैसे घेऊन बाहेर आली की आपला हप्ता कापून घेई आणि पुस्तक पुन्हा खिशात टाकी. या शतकाच्या सुरुवातीला भत्ते थेट बँक खात्यात जमा होऊ लागले, तेव्हा पुस्तिकेची जागा बँकेचे कार्ड आणि त्याच्या गुप्त क्रमांकाने घेतली. पारपत्रही ठेवून घेतल्याची प्रकरणे पुढे आली. कर्ज बहुधा लहान असे, पण शंभर पौंड घेतले तर दोनशे परत करायचे, आणि एक हप्ता चुकला की रक्कम पुन्हा दुप्पट, असा हिशेब चाले. पावती नसल्याने किती फेडले आणि किती उरले हे सावकार म्हणेल तेच खरे. अशा माणसाची पहिली ओळख पुष्कळदा मित्र किंवा शेजारी म्हणूनच झालेली असते, धमकी नंतर येते. म्हणून कर्जदाराला आपण गुन्ह्याचे बळी आहोत असे न वाटता उपकाराखाली दबल्यासारखे वाटते, आणि तक्रार होत नाही.

सरकारने 2004 मध्ये बर्मिंगहॅम आणि ग्लासगो येथे बेकायदा सावकारीविरोधी पथके प्रायोगिक तत्त्वावर नेमली. इंग्लंडचे पथक बर्मिंगहॅम नगर परिषदेच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्स विभागात, म्हणजे एरवी वजनमापे आणि ग्राहकांची फसवणूक पाहणाऱ्या खात्यात, ठेवले गेले, आणि यथावकाश त्याचे कार्यक्षेत्र सर्व इंग्लंडभर झाले. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये स्वतंत्र पथके आहेत. तपास करणाऱ्यांबरोबरच कर्जदाराच्या पाठीशी उभे राहणारे संपर्क अधिकारी पथकात असणे, हा या योजनेतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल. सावकार तुरुंगात गेला तरी बाईचे भाडे थकलेलेच असते. सरकारसाठी 2006 मध्ये झालेल्या अभ्यासाने ब्रिटनमधील सुमारे 1,65,000 कुटुंबे बेकायदा सावकारांकडून कर्ज घेत असल्याचा अंदाज दिला. सेंटर फॉर सोशल जस्टिस या संस्थेने 2022 मध्ये एकट्या इंग्लंडसाठी दिलेला अंदाज 10 लाख 80 हजार माणसांचा होता. एक आकडा कुटुंबांचा आणि दुसरा माणसांचा असल्याने त्यांची सरळ तुलना करता येत नाही. पण प्रश्न आटोक्यात आला असे दोन्ही पाहून कोणी म्हणणार नाही.

या दोन अंदाजांमधल्या काळात 2013 हे वर्ष भाडेकरूंना विशेष जड गेले. त्या वर्षीच्या एप्रिलपासून सामाजिक घरात एक खोली जादा ठरली तर घरभाडे साहाय्यासाठी धरल्या जाणाऱ्या भाड्यातून 14 टक्के आणि दोन किंवा अधिक जादा ठरल्या तर 25 टक्के कापले जाऊ लागले. अडीअडचणीला सरकारकडून मिळणारे बिनव्याजी तातडीचे कर्ज बंद झाले आणि ती जबाबदारी स्थानिक परिषदांवर ढकलली गेली. युनिव्हर्सल क्रेडिट या एकत्रित भत्त्याची सुरुवातही तेव्हाच झाली. पूर्वी बहुतेक कौन्सिल भाडेकरूंचे घरभाडे साहाय्य त्यांच्या हातात न येता परस्पर भाडेखात्यात वळते होई. आता ते महिन्याला एकदा भाडेकरूच्या खात्यात येऊ लागले, आणि पहिली रक्कम मिळण्यास पाच-सहा आठवडे लागत. घरात पैसा नाही आणि भाडे चढते आहे, अशा त्या आठवड्यांतच सावकाराचा शिरकाव होतो.

कायदेशीर महागड्या कर्जावर याच सुमारास बंधने आली. वित्तीय आचार प्राधिकरणाने 2 जानेवारी 2015 पासून अल्पमुदतीच्या कर्जावर दिवसाला 0.8 टक्क्यांची मर्यादा घातली आणि व्याज व दंड मिळून मुद्दलाहून अधिक वसूल करता येणार नाही असा नियम केला. आपल्याकडील दामदुपटीचा जुना नियम जवळपास हेच सांगत आला आहे. वोंगा ही या धंद्यातली सर्वांत गाजलेली कंपनी 2018 मध्ये बुडाली आणि प्रॉव्हिडंटने 2021 मध्ये दारोदारचा धंदा बंद केला. मर्यादा घालणे योग्यच होते. पण ज्या दारावर कायदेशीर एजंट येणे थांबले, तेथे दुसरे कोण येणार याची तजवीज मात्र तोकडी राहिली. क्रेडिट युनियन, म्हणजे आपल्याकडील पतसंस्थेसारख्या सभासदांच्या संस्था, महिना 3 टक्क्यांच्या कमाल व्याजाने लहान कर्जे देतात. जॉन ह्यूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 मध्ये उत्तर आयर्लंडमधील डेरी येथे अशी संस्था काढली, आणि तेथे ही चळवळ घराघरांत रुजली. इंग्लंडच्या मोठ्या वस्त्यांत ती त्या प्रमाणात पोचली नाही.

आजच्या भाडेकरूला कायद्याचे काही भक्कम आधार आहेत. अधिकृत परवानगी नसलेल्या सावकाराचे कर्ज न्यायालयामार्फत वसूल करता येत नाही, भरलेले पैसे परत मागण्याचा हक्क कर्जदाराला आहे, आणि अशा माणसाकडून कर्ज घेणे हा गुन्हा नाही. कायदेशीर देणी थकली असतील, तर मे 2021 पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कर्जसल्लागारामार्फत 60 दिवसांची सवड मिळू शकते. त्या काळात बहुतेक देण्यांवरचे व्याज आणि तगादा थांबतो आणि जुन्या थकबाकीवरून घर खाली करून घेता येत नाही, मात्र चालू भाडे भरावेच लागते. गृहसंस्थाही भाडे चुकू लागताच भत्त्यांचा हिशेब तपासून देणारे सल्लागार भाडेकरूकडे पाठवतात. पण हा सल्लागार ज्या संस्थेचा पगार घेतो तीच संस्था भाड्याची धनको असते, आणि सावकाराला आधी हप्ता देऊन भाडे थकवलेल्या भाडेकरूला ते तिच्यासमोर कबूल करणे अवघड जाते. म्हणूनच घरमालकाच्या माहितीपुस्तिकेत स्वतंत्र सल्ला केंद्राचा आणि सावकारीविरोधी पथकाच्या चोवीस तास चालणाऱ्या दूरध्वनी सेवेचा उल्लेख वेगळा केलेला असतो, आणि तेथे नाव न सांगताही बोलता येते.